पट्टीवरचे दाणे : मुंबईत नाव मिळालेल्या एका रोगाची गोष्ट

"तुझा पीएचडीचा विषय काय?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यातल्या शस्त्रक्रियेचा इतिहास." मग समोरची व्यक्ती "अरे वा!" म्हणते आणि विषय बदलते. त्यात त्यांची चूक नाही. आजचा लेख त्या "अरे वा"च्या थोडं पुढे जाण्यासाठी आहे. आपण एकच दुर्मिळ रोग घेऊ आणि डॉक्टर 'निदान' करतात म्हणजे नेमकं काय करतात, ते दीडेकशे वर्षांत कसं बदलत गेलं, हे त्याच्या आधारे पाहू.

सुरुवात घरापासूनच करते.

माझे मामा शेतकरी. मी अकरावीत होते तेव्हा त्यांच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या थोडं मागे, एक टणक गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. बाभळीचा काटा आत मोडला असेल, असं आजी म्हणाली. पुढच्या वर्षभरात सगळा तळपाय सुजला, मग तीन-चार ठिकाणी फुटला आणि त्यातून पू यायला लागला. एक भोक बुजायचं, शेजारी दुसरं उघडायचं. एका दवाखान्यात हाडाचा टीबी म्हणून कित्येक महिने गोळ्या झाल्या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, पाय घोट्याच्या वर कापावा लागेल. मामा तोवर त्याच पायाने शेतात जात होते, मोटारसायकलला किक मारत होते. दुखत नसलेला पाय कापायला कोण तयार होईल?

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत एक तरुण रेसिडेंट डॉक्टर भेटली. मामी नेहमीप्रमाणे जुनी पट्टी काढून कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, पट्टी फेकू नका. आज नवी पट्टी बांधते, ती रात्रभर ठेवा आणि उद्या तशीच माझ्याकडे घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिने ती पट्टी उजेडात धरली. पुवात खसखशीएवढे पिवळट पांढरे दाणे चिकटले होते. तेच दाणे तिने चिमट्याने उचलून तपासायला पाठवले. मामांचा पाय त्या दाण्यांमुळे वाचला. पुढे संशोधनाला लागल्यावर कळलं की हे दाणे पहिल्यांदा नीट कापून, पाहून, त्यांची चित्रं काढून या रोगाला ज्याने नाव दिलं, तो माणूस मुंबईत, आजच्या जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात काम करत होता. आणि ते नाव निम्म्या रुग्णांच्या बाबतीत चुकीचं होतं, हेही तेव्हाच कळलं.

रोग आहे तरी काय?

इतिहासाआधी वैद्यकाची थोडी उजळणी. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर इतकं वाचलंय की एवढं सांगू शकते.

या रोगाचं नाव मायसेटोमा. लोकांत आणि जुन्या पुस्तकांत 'मदुरा फूट'. मातीत किंवा काट्यावर असलेला सूक्ष्म जीव काटा रुतल्यावर, जखमेतून कातडीखाली जातो. तिथे तो फार सावकाश वाढतो. महिने नाही, वर्षं लागतात. तीन खुणा एकत्र दिसल्या की डॉक्टरांना संशय येतो : न दुखणारी टणक सूज, तिच्यावर उघडलेली नळ्यांसारखी छिद्रं आणि त्या छिद्रांतून पुवाबरोबर येणारे दाणे. दाणा म्हणजे त्या जीवाची एकमेकांत घट्ट गुंतलेली वसाहतच. तो काळा, पांढरा, पिवळा किंवा लाल असू शकतो. रोग पुढे सरकला की हाडात शिरतो आणि हाड पोखरतो.

बहुतेक रुग्ण पायाचे, कारण काटा पायात मोडतो. पण हातावर, पाठीवर, डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांच्या मानेवरही तो होतो. भारत, सुदान, सेनेगल, मेक्सिको अशा उष्ण, कोरड्या प्रदेशांतल्या अनवाणी काम करणाऱ्या माणसांचा हा रोग. शहरातल्या सर्जनला वर्षानुवर्षं एकही रुग्ण दिसणार नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. क्वचित दिसणारी गोष्ट समोर आली की माणूस तिला नेहमीच्या एखाद्या गोष्टीचं नाव देऊन टाकतो. मामांच्या बाबतीत ते नाव होतं टीबी.

नाव मिळण्याआधी

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या यादीत 'वल्मीक' नावाचा एक रोग आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. तळहात, तळपाय, सांधे, मान इथे वारुळासारखी गाठ येते, सावकाश वाढते, तिला अनेक तोंडं फुटतात आणि ती वाहत राहतात, असं वर्णन आहे. चिकित्सेच्या भागात मात्र एक इशाराही आहे : हातापायावरचं, अनेक छिद्रांचं, सुजलेलं वल्मीक जाणत्या वैद्याने हाती घेऊ नये.

आता इथे एक सावधगिरी. "पहा, आपल्याकडे हे आधीच माहीत होतं" असं लगेच म्हणायचा मोह होतो. वल्मीक म्हणजेच आजचा मायसेटोमा असं ठामपणे म्हणता येत नाही. त्या वर्णनात इतरही रोग बसू शकतात, आणि दाण्यांचा उल्लेख, जो आज आपल्याला निर्णायक वाटतो, तो तिथे नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला तो पाय कसा दिसतो, यासाठी वारूळ हा शब्द इतका चपखल आहे की मामांचा पाय पाहिलेल्या कोणालाही तो पटेल. आणि 'हात लावू नका' हा सल्लाही त्या काळाच्या मानाने प्रामाणिकच म्हणायचा.

युरोपियन वैद्यकाच्या नोंदींत हा पाय ठळकपणे येतो तो १८४०च्या दशकात, मद्रास इलाख्यात. १८४२ साली मदुरेच्या दवाखान्यातल्या गिल या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. १८४६ साली बल्लारीच्या गॉडफ्री यांनी 'लॅन्सेट'मध्ये, आजवर वर्णन न झालेला पायाचा रोग म्हणून त्यावर लिहिलं. मदुरेचेच कोलब्रुक यांच्या लिखाणातून 'मदुरा फूट' हे नाव रुळलं.

या सगळ्यांनी पाय पाहिला होता, छिद्रं मोजली होती, कापलेल्या पायातली पोखरलेली हाडं पाहिली होती. पण हा रोग कशाचा, यावर एकमत नव्हतं. कोणाला ती हाडाची कीड वाटे, कोणाला क्षयाचाच एक प्रकार, कोणाला हत्तीपायाचा भाऊबंद. १८५५ साली बॅलिंगॉल यांनी यामागे एखादा परजीवी असावा अशी शंका मांडली होती. पण शंका आणि पुरावा यांत बरंच अंतर असतं.

मुंबईत आलेला चित्रकार

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्यांचं काम बहुधा पाहिलेलं असेल. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे शरीररचनेचं जगप्रसिद्ध पुस्तक, त्याच्या पहिल्या आवृत्तीतली तीनशेहून अधिक चित्रं कार्टर यांची. वडील चित्रकार, मुलगा डॉक्टर. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये हेन्री ग्रे शवविच्छेदन करत आणि कार्टर चित्रं काढत. कार्टरना या कामाचे एकदाच १५० पौंड मिळाले. ग्रेंना मात्र विक्रीवर रॉयल्टी होती. इतकंच नाही, मुखपृष्ठाच्या प्रुफात कार्टरचं नाव आपल्या नावाएवढ्या टायपात दिसल्यावर ग्रेंनी ते लहान करायला लावलं. ऑगस्ट १८५८ मध्ये पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर इंग्लंडमध्ये नव्हतेच. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन भारतात आले होते.

काही काळ महूला काढून ते मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. शेजारच्याच सर जमशेटजी जीजीभाई हॉस्पिटलमध्ये असिस्टंट सर्जन म्हणूनही काम. म्हणजे सकाळी वॉर्डात रुग्ण, दुपारी विच्छेदनाचं टेबल, आणि हाताशी सूक्ष्मदर्शक व पेन्सिल. हा रोग समजून घ्यायला याहून चांगली जागा त्या काळी क्वचितच असेल.

इथे संशोधक मंडळींसाठी एक फुकटचा सल्ला. त्याच सुमारास मुंबईत आणखी एक डॉक्टर कार्टर होते, हेन्री जॉन कार्टर. वयाने मोठे, रॉयल सोसायटीचे फेलो, स्पंजांचे अभ्यासक. त्यांनीही १८६२ साली याच रोगावर लेख लिहिला! संदर्भयादीत नुसतं 'कार्टर, एच.' दिसलं की थांबा. मी दोन आठवडे एका कार्टरचं मत दुसऱ्याच्या तोंडी घालत बसले होते. सरांनी लाल पेनाने गोल केला, तेव्हा लक्षात आलं.

पायाकडून दाण्याकडे

१८६० साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात व्हॅनडाइक कार्टरचा निबंध आला. विषय : मुख्यतः पायाला होणारा, भारताच्या अनेक भागांत आढळणारा एक नवा आणि लक्षवेधी बुरशीजन्य रोग. पुढे त्यांनीच त्याला मायसेटोमा हे नाव दिलं. ग्रीकमध्ये 'मायकेस' म्हणजे बुरशी, 'ओमा' म्हणजे गाठ. बुरशीची गाठ, इतकं सरळ.

त्यांनी वेगळं काय केलं? आधीचे डॉक्टर पाय पाहत होते, कार्टर दाणा पाहू लागले. कापलेला पाय उभा चिरला की आत पोकळ्या आणि बोगदे दिसतात. त्यांत दाणे भरलेले असतात. कार्टरनी ते दाणे बाहेर काढले, चिरडले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. काळ्या दाण्यांत त्यांना फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू दिसले. म्हणजे दाणा हा रोगातून उरलेला कचरा नव्हता, तो रोगाचं कारण होता, असा त्यांचा दावा.

हा दावा किती धाडसी होता हे समजायला तारखा पाहा. रेशीमकिड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो हे बासी यांनी १८३५ साली दाखवलं होतं. डोक्याच्या कातडीच्या एका रोगात बुरशी सापडल्याचं शॉनलाइन यांनी १८३९ साली सांगितलं होतं. पण तो कातडीवरचा मामला. माणसाच्या हाडात खोलवर एखादी बुरशी राहते, वाढते आणि हाड खाते, हे म्हणणं वेगळंच. कॉखने अँथ्रॅक्सचे जंतू सिद्ध केले १८७६ साली, क्षयाचे १८८२ साली. कार्टर यांचा निबंध त्याच्या बराच आधीचा.

कार्टरनी दाण्यांच्या रंगावरून प्रकारही पाडले, मुख्य दोन : काळा आणि फिका. १८७४ साली लंडनमध्ये त्यांचं मायसेटोमावरचं पुस्तक निघालं, रंगीत चित्रांसह. मधल्या काळात, १८६३ ते १८७२, ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. ती चित्रं मी पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिली तेव्हा थोडा वेळ पुढचं पान उलटवता आलं नाही. फिक्या दाण्यांचा पाय हुबेहूब मामांच्या पायासारखा होता.

बरणीतली गुलाबी बुरशी

आता चुकीकडे येऊ, कारण मला स्वतःला ती यशापेक्षा जास्त शिकवून गेली.

रोग बुरशीचा, असं म्हणायचं तर ती बुरशी वाढवून दाखवायला हवी. जपून ठेवलेल्या एका नमुन्यावर कार्टरना गुलाबी-लाल रंगाची बुरशी उगवलेली दिसली. झालं, पुरावा मिळाला असं वाटलं. नमुना इंग्लंडला गेला तो रेव्हरंड माइल्स बर्कली यांच्याकडे. बर्कली म्हणजे त्या काळचे बुरशीचे मोठे जाणकार. आयर्लंडच्या बटाट्यांवरची कीड बुरशीमुळे आहे, असं १८४०च्या दशकात ठासून सांगणारे हेच. त्यांनी ही नवी जात मानली आणि तिला 'कायोनायफी कार्टेरी' असं नाव दिलं. रोगाला कारण मिळालं, कारणाला नाव मिळालं, नावात कार्टर.

फक्त ती बुरशी रोगाची नव्हती. हवेतून येऊन नमुन्यावर बसलेली होती. आपण भाकरी दोन दिवस डब्यात विसरलो तर तिच्यावर उगवते, तशीच आगंतुक. निर्जंतुक पद्धतीने जीव वाढवण्याचं तंत्र तेव्हा कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे खरा रहिवासी कोण आणि पाहुणा कोण, हे ओळखायला साधनच नव्हतं.

कोलकात्यात टिमोथी लुईस आणि डी. डी. कनिंगहॅम या दोन डॉक्टरांनी १८७५ साली या रोगावर स्वतंत्र अहवाल काढला आणि बुरशीच मुळाशी आहे या म्हणण्यावर शंका घेतली. त्यांची शंका रास्त होती, पण तिचा परिणाम विचित्र झाला. गुलाबी बुरशी पडली, तशी दाण्यातल्या तंतूंची साक्षही डळमळीत वाटू लागली. वास्तविक काळ्या दाण्याबद्दल कार्टर बरोबर होते. बरोबर निष्कर्षाला चुकीचा पुरावा जोडला की पुरावा पडताना निष्कर्षालाही खाली ओढतो. माझ्या प्रबंधाच्या भिंतीवर मी हे लिहून ठेवलंय, स्वतःसाठीच.

एक नव्हे, दोन रोग

खरा उलगडा फिक्या दाण्यांतून झाला. १८७७-७८च्या सुमारास जर्मनीत गुरांच्या आणि मग माणसांच्या एका रोगात दाणे तयार करणारा, किरणांसारखे तंतू असलेला जीव सापडला होता, अ‍ॅक्टिनोमायसिस. कार्टरनी पुढे स्वतःच लिहिलं की मायसेटोमाचा फिका प्रकार या नव्या रोगाशी फार जुळतो. हे मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडलेलं. ज्या रोगाला आपण नाव दिलं, त्याच्या पोटात दुसरंच काही असू शकतं, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने मांडलं. १८८८ साली ते निवृत्त झाले आणि १८९७ साली इंग्लंडमध्ये क्षयाने वारले.

१८९४ साली व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियातल्या एका रुग्णाच्या फिक्या दाण्यांतून तो जीव प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. काळ्या दाण्यांच्या बुरशीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावेराँ आणि ब्रुम्प्ट यांच्या कामातून आज चालणारं 'मादुरेला' हे नाव मिळालं. आणि १९१३ साली पिनोय यांनी स्पष्ट मांडलं : बाहेरून एकसारखे दिसणारे हे दोन वेगळे रोग आहेत. एक खऱ्या बुरशीचा. दुसरा तंतूंसारख्या वाढणाऱ्या बॅक्टेरियाचा, ज्याला आज अ‍ॅक्टिनोमायसेटोमा म्हणतात.

सूज तीच, छिद्रं तीच, पू तोच. फरक कुठे? तंतूंच्या जाडीत. बॅक्टेरियाचे तंतू साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, बुरशीचे दोन ते पाच मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रुग्णाचा पाय राहणार की जाणार, हे एवढ्याशा फरकावर ठरतं. दाण्याच्या रंगावरून अंदाज येतो, काळा म्हणजे जवळपास नक्कीच बुरशी. पण पांढरा-पिवळा दाणा दोन्हींत असू शकतो, तिथे डोळ्यांवर भागत नाही.

पाय कापायचा की नाही?

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण बराच काळ तो एका वाक्याचाच होता : पाय कापा.

कार्टरच्या काळात क्लोरोफॉर्म आलेलं होतं, त्यामुळे कापताना रुग्ण बेशुद्ध असे. पण जखम सडू नये यासाठीची लिस्टर यांची पद्धत १८६७ची. म्हणजे १८६० साली वॉर्डात पाय कापून घेणाऱ्याने रोगातून सुटका घेतली, तरी जखमेच्या सडण्यातून सुटण्याची खात्री नव्हती. उलट मायसेटोमा सहसा लवकर जीव घेत नाही. माणूस त्या पायावर दहा वर्षं लंगडत काढू शकतो. मग सांगा, त्या शेतकऱ्याने काय करावं? सरकारी अहवालांत 'नेटिव्ह लोक फार उशिरा येतात', 'शस्त्रक्रियेला नकार देतात' असे शेरे वारंवार भेटतात. पूर्वी मी ते वाचून पुढे जायचे. आता मामा आठवतात. उशीर हा दरवेळी अडाणीपणा नसतो. न दुखणारा पाय, बुडणारी मजुरी आणि समोर करवत, असा हिशेब असेल तर थांबून पाहणं हा शहाणपणाचाच निर्णय असू शकतो.

चित्र पालटलं ते १९४०नंतर, सल्फा औषधं, डॅप्सोन आणि स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर. पण पालटलं ते अर्धंच, आणि कोणतं अर्धं ते तुमच्या लक्षात आलं असेल. ही औषधं बॅक्टेरियावर चालतात. त्यामुळे अ‍ॅक्टिनोमायसेटोमा औषधांनी बरा होऊ लागला. पुढे मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी अमिकासिन आणि कोट्रायमोक्सॅझोल एकत्र देण्याची पद्धत बसवली आणि हाडापर्यंत गेलेले रुग्णही बरे होऊ लागले. बुरशीच्या प्रकाराला मात्र ही औषधं लागू पडत नाहीत. तिथे आजही इट्राकोनॅझोलसारखं औषध महिनोनमहिने देऊन गाठ आटोक्यात आणायची, मग ती सगळी कापून काढायची, आणि ती परत येते का याकडे लक्ष ठेवायचं. काही रुग्णांचा पाय आजही जातो.

म्हणून दाणा पाहण्याआधी सुरी उचलणं घातक, आणि दाणा न पाहता गोळी देणंही निरर्थक. आज खोलवरची बायोप्सी आहे, रंग देऊन पाहायच्या पद्धती आहेत, डीएनए तपासणी आहे. २००३ साली एमआरआयवरची एक खूण नोंदली गेली : पांढऱ्या वर्तुळात काळा ठिपका. वर्तुळ म्हणजे सुजलेली ऊती, ठिपका म्हणजे दाणा. इतकी महागडी यंत्रं आली तरी शोध त्याच दाण्याचा आहे.

मामा आणि ज्यांची नावं नाहीत ते

मामांचे दाणे फिके होते. तपासणीत बॅक्टेरिया निघाला. म्हणजे 'बुरशीची गाठ' या नावाच्या रोगात बुरशी नव्हतीच! कोणी नावावर विसंबून बुरशीचं औषध सुरू केलं असतं, तर टीबीच्या गोळ्यांसारखेच आणखी काही महिने वाया गेले असते. अमिकासिनची इंजेक्शनं झाली, मधे मधे कानांची आणि किडनीची तपासणी, कारण हे औषध दोन्हींवर परिणाम करतं. गोळ्या तर वर्षाच्या वर चालल्या. पाय थोडा आखडला, पण आहे. आजी आता नाही. काट्याबद्दलचा तिचा अंदाज बरोबर होता, हे तिला सांगायचं राहून गेलं.

मायसेटोमाला जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं ते २०१६ साली, म्हणजे कार्टरच्या निबंधानंतर तब्बल १५६ वर्षांनी. या रोगावर सर्वाधिक काम करणारं केंद्र सुदानच्या खार्टूममध्ये होतं, १९९१ साली सुरू झालेलं. २०२३ पासूनच्या युद्धात ते उद्ध्वस्त झालं आणि अनेक वर्षं जमवलेले नमुनेही गेले. ही बातमी वाचली तेव्हा मला कार्टरच्या बरण्या आठवल्या.

शेवटी माझ्या संशोधनातला एक सल, तुमच्याशी बोलायचाच होता. कार्टर कोण होते हे आपल्याला नीट माहीत आहे. त्यांच्या डायऱ्या लंडनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्या मानधनाचा आकडाही ठाऊक आहे. पण ज्यांचे पाय कापून हे ज्ञान उभं राहिलं, ते त्या काळच्या नोंदींत बहुधा जात, वय, धंदा आणि गाव एवढ्यावर संपतात. पाय बरणीत राहतो, चित्रात राहतो, पुस्तकात छापला जातो. तो माणूस लाकडी कुबडी घेऊन गावी परतला का, शेत कोणी कसलं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. इतिहासकार म्हणून मी ते शोधत राहणार आहे. मिळेलच असं वचन देता येत नाही.

आणि तुमच्यासाठी? तुमच्या ओळखीत कोणाच्या पायाला न दुखणारी सूज असेल, ती फुटून वाहत असेल आणि औषधांनी हटत नसेल, तर त्यांना हा लेख पाठवू नका, एवढं लांबलचक कोण वाचणार! त्यांना चांगल्या सर्जनकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. आणि जाताना कालची पट्टी सोबत न्यायला विसरू नका.